हिऱ्यातील उणीव आणि चुंबकीय क्षेत्राचे सूक्ष्मचित्र

जाड कागदाखाली चुंबकपट्टी ठेवावी, कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदाला हलकेच टिचकी मारावी. किसाचे कण तत्काळ वळणदार रेषांत मांडले जातात. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पाहिला नाही असा वाचक विरळाच. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसून तिच्यात एक क्षेत्र पसरलेले असते, हा विचार मायकेल फॅरेडे याने एकोणिसाव्या शतकात मांडला तो अशाच रेषांकडे वारंवार पाहून. कागदावरचा कीस हे त्या क्षेत्राचे चित्रच होय. मात्र ते भरड चित्र आहे. किसाचा कण ज्या आकाराचा, त्याहून लहान तपशील त्या चित्रात उमटू शकत नाही. १९३१ साली फ्रान्सिस बिटर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने किसाऐवजी चुंबकीय पदार्थाची अतिशय बारीक भुकटी द्रवात कालवून ती घासून गुळगुळीत केलेल्या धातूच्या पृष्ठावर पसरली, तेव्हा एकसंध दिसणारा लोखंडाचा तुकडा प्रत्यक्षात निरनिराळ्या दिशांनी चुंबकित झालेल्या लहान लहान प्रांतांचा बनलेला असतो, हे डोळ्यांना दिसू लागले. कण जितका बारीक, तितके चित्र रेखीव. हा साधा नियम पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

कणाला बारीक करीत करीत शेवटी कोठपर्यंत जाता येईल? अर्थात एका अणूपर्यंत. एकच अणू किंवा अणूएवढीच एखादी वस्तू चुंबकसूची म्हणून वापरता आली, तर नॅनोमीटरच्या मापाची चित्रे काढता येतील. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. या मापाच्या जगात जाण्याची गरज केवळ कुतूहलापोटी निर्माण झालेली नाही. संगणकातील माहिती ज्या चुंबकीय ठिपक्यांच्या रूपाने साठविली जाते ते काही दहा नॅनोमीटरांचे असतात. प्रथिनांचे रेणू काही नॅनोमीटरांचे असतात. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, सूर्यमालेच्या जन्मकाळची एक नोंद लोखंडाच्या अशाच सूक्ष्म कणांत बंदिस्त होऊन राहिली आहे.

या मापाचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याची साधने पूर्वी नव्हती असे नाही. १९८७ पासून चुंबकीय बल सूक्ष्मदर्शक वापरात आहे. त्यात एका लवचीक पात्याच्या टोकाशी चुंबकीय पदार्थाचा लेप दिलेली सुई असते आणि ती नमुन्यावरून फिरविली की तिच्यावर पडणारे बल मोजले जाते. परंतु ही सुई स्वतःच चुंबक असल्यामुळे नाजूक नमुन्याची चुंबकीय मांडणी ती विस्कटून टाकू शकते. नाडी पाहताना वैद्याने मनगट इतके दाबावे की नाडीच बदलावी, तशातला हा प्रकार. दुसरे साधन अतिसंवाहक कड्यांचे. त्यांची संवेदनक्षमता विलक्षण असते, पण ती कडी शून्याखाली शेकडो अंश थंड ठेवावी लागतात. त्यामुळे जिवंत पेशी, किंवा नेहमीच्या तापमानातील नमुना, त्यांच्या अगदी लगत नेणे दुरापास्त होते. पाहिजे होती ती अशी चुंबकसूची की जी अणूएवढी लहान असेल, नमुन्याला त्रास देणार नाही, साध्या खोलीच्या तापमानाला काम करील आणि जिच्या हालचाली दुरून वाचता येतील. अशी सूची निसर्गाने हिऱ्यात ठेवली आहे. मात्र शुद्ध हिऱ्यात नव्हे, दोषयुक्त हिऱ्यात.

हिऱ्यांची दीप्ती

या विषयाचा एक धागा भारतातून जातो, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हिऱ्यांचा अभ्यास मोठ्या आस्थेने चालविला होता. त्यांच्या संग्रही सुमारे तीनशे हिरे होते. १९४० साली अण्णा मणी ही तरुण संशोधिका त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली व हिरे आणि माणके यांच्या दीप्तीचा अभ्यास तिच्याकडे आला. काही हिऱ्यांवर जंबुपार किंवा निळे किरण पाडले असता ते स्वतः मंद प्रकाशू लागतात. कोणी निळसर, कोणी हिरवट-पिवळा. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. तो प्रकाश इतका क्षीण असे की, त्याचा वर्णपट छायापट्टिकेवर उतरविण्यासाठी पंधरा ते वीस तास पट्टिका उघडी ठेवावी लागे. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट अण्णा मणी यांनी अशा रीतीने घेतले व १९४२ ते १९४५ या काळात त्यांवर स्वतंत्रपणे पाच निबंध प्रसिद्ध केले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे सादर केला. त्यांनी एम. एस्‌सी. केलेले नाही, या कारणास्तव विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही. पुढे १९४८ साली त्या पुणे येथील वेधशाळेत, म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभागात, रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच तयार करण्याच्या कामात त्यांनी आपले आयुष्य वेचले. हिऱ्यांकडे त्या पुन्हा वळल्या नाहीत.

ही दीप्ती येते कोठून, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. ती अशुद्धीमुळे नसून हिऱ्याच्या स्वतःच्या रचनेतून उद्भवते, असे मानण्याकडे रामन यांचा कल होता. काळाने या बाबतीत त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. १९५९ साली कैसर आणि बाँड या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन ही मुख्य अशुद्धी असते. अण्णा मणी यांच्या वर्णपटांतील निळ्या दीप्तीची रेषा (४१५ नॅनोमीटर) आणि हिरव्या दीप्तीची रेषा (५०३ नॅनोमीटर) यांच्यामागे नायट्रोजनचे अणू व त्यांच्या शेजारची रिकामी जागा अशाच जोडण्या आहेत, हे त्यानंतर उलगडले. म्हणजे वर्णपट अचूक होते, त्यांचा अर्थ तेवढा चुकला होता. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते, आणि अशा वेळी टिकून राहते ते काळजीपूर्वक घेतलेले मोजमाप.

ज्या दोषाशी प्रस्तुत विषयाचा संबंध आहे, तो याच कुळातील पण सर्वांत साधा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणूला चार कार्बन शेजारी असतात. कल्पना करावी की, एका अणूच्या जागी नायट्रोजन येऊन बसला आहे आणि त्याच्या लगतच्या चार जागांपैकी एक जागा रिकामी राहिली आहे. नायट्रोजन आणि रिक्त जागा यांच्या या जोडीला नायट्रोजन-रिक्ती केंद्र म्हणतात. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतील द्यू प्रीझ याने तिची खूण असलेली ६३७ नॅनोमीटरची तांबडी रेषा नोंदविली व १९७६ साली डेव्हिस आणि हेमर यांनी या केंद्राच्या रचनेचा उलगडा केला. आता हे केंद्र हवे तेथे घडविता येते. कृत्रिम रीत्या वाढविलेल्या अतिशुद्ध हिऱ्यावर नायट्रोजनच्या अणूंचा मारा करतात. मारा सौम्य ठेवला तर ते पृष्ठाखाली दहाएक नॅनोमीटरवर जाऊन थांबतात आणि वाटेत कार्बन अणू उडवून रिकाम्या जागा निर्माण करतात. मग हिरा निर्वातात सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की रिकाम्या जागा सरकू लागतात आणि नायट्रोजनपाशी येऊन अडकतात.

सूची कशी वाचतात

या केंद्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे एकत्रित वर्तन एखाद्या इवल्याशा चुंबकासारखे असते. इलेक्ट्रॉनाच्या या अंगभूत गुणाला परिवलन म्हणतात. नाव फिरकीची आठवण करून देणारे असले, तरी येथे प्रत्यक्षात काही गरगर फिरते असे समजण्याचे कारण नाही. पुंजयामिकीच्या, म्हणजेच क्वांटम सिद्धांताच्या, नियमांनुसार या चुंबकाला कोणतीही दिशा घेण्याची मुभा नसते; त्याला तीनच अवस्था शक्य असतात. त्यांना शून्य, अधिक एक आणि उणे एक अशी नावे आहेत. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसेल तेव्हा अधिक एक व उणे एक या अवस्थांची ऊर्जा समान असते आणि शून्य अवस्था त्यांच्या थोडी खाली असते. हे अंतर कंप्रतेच्या भाषेत २.८७ गिगाहर्ट्झ भरते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, हे लक्षात घेतले म्हणजे हे सूक्ष्मतरंग निर्माण करणे किती सुलभ आहे याची कल्पना येते.

आता या केंद्रावर हिरवा प्रकाश पाडला की ते उत्तेजित होते आणि परत खाली येताना तांबडा प्रकाश देते. येथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, आणि सारी पद्धत तिच्यावर उभी आहे. केंद्र शून्य अवस्थेतून वर गेलेले असेल तर ते सरळ तांबडा प्रकाश देऊन खाली उतरते. अधिक एक किंवा उणे एक अवस्थेतून वर गेलेले केंद्र मात्र पुष्कळदा एका आडवाटेने उतरते. त्या वाटेवर तांबडा प्रकाश मिळत नाही, आणि त्या वाटेने उतरलेले केंद्र बहुधा शून्य अवस्थेत येऊन पोहोचते. यातून दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे काही काळ हिरवा प्रकाश पाडत राहिले की केंद्र आपोआप शून्य अवस्थेत आणून ठेवले जाते. पाटी कोरी करावी तसे. दुसरी अशी की, केंद्र किती तेजस्वी आहे यावरूनच ते कोणत्या अवस्थेत आहे हे कळते. एकट्या केंद्राच्या बाबतीत हा तेजातील फरक तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मोजणी अशी होते. हिऱ्यावर हिरवा प्रकाश पाडत असतानाच त्यावर सूक्ष्मतरंग सोडतात आणि त्यांची कंप्रता हळूहळू बदलत नेतात. ती २.८७ गिगाहर्ट्झला आली की केंद्र शून्य अवस्थेतून वर ढकलले जाते आणि तांबडा प्रकाश एकदम मंदावतो. आलेखात तेथे एक खाच दिसते. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेल तर अधिक एक व उणे एक यांच्या ऊर्जा एकमेकींपासून दूर सरकतात व एका खाचेच्या दोन खाचा होतात. नायट्रोजन आणि रिक्त जागा यांना जोडणाऱ्या अक्षाच्या दिशेने एक मिलिटेस्ला क्षेत्र असेल, तर प्रत्येक खाच २८ मेगाहर्ट्झने सरकते. दोन खाचांमधील अंतर मोजले की क्षेत्र कळले. येथे साधन जुळवून घेण्याचा, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळण्याचा, त्रास नाही. कारण २८ हा आकडा निसर्गनियमांनीच ठरवून दिलेला आहे आणि तो मुंबईतील हिऱ्यात व श्टुटगार्टमधील हिऱ्यात सारखाच असतो. तापमान वाढले तर दोन्ही खाचा एकाच बाजूला सरकतात, एका अंशाला सुमारे ७४ किलोहर्ट्झ. चुंबकीय क्षेत्राने त्या विरुद्ध बाजूंना जातात. त्यामुळे दोन्ही परिणाम निरनिराळे करता येतात आणि हाच हिरा सूक्ष्म तापमापक म्हणूनही वापरता येतो.

मग असा प्रश्न उद्भवतो की, यासाठी हिराच का? पुष्कळ स्फटिकांत दोष असतात. हिऱ्याची गोष्ट अशी की, त्याचे बंध अत्यंत ताठ असल्यामुळे खोलीच्या तापमानालाही त्याच्यातील अणूंची थरथर परिवलनाला फारसा धक्का देत नाही. शिवाय कार्बनच्या अणूंपैकी जवळजवळ ९९ टक्के अणूंचे केंद्र चुंबकीय नसते. ज्या एक टक्का अणूंचे असते तेवढे वगळून हिरा वाढविला, तर परिवलनाची नाजूक पुंज-अवस्था दीड-दोन मिलिसेकंद टिकून राहते. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटेल. पण खोलीच्या तापमानाला, घन पदार्थातील इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने, ते दीर्घायुष्यच म्हटले पाहिजे. अवस्था जितकी टिकाऊ, तितके क्षीण क्षेत्र मोजता येते.

अंतराचा प्रश्न

सूची अणूएवढी असली तरी तिचा प्रकाश टिपणारा सूक्ष्मदर्शक साधाच असतो, आणि प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून, म्हणजे अडीचशे-तीनशे नॅनोमीटरांहून, लहान गोष्टी त्याला वेगळ्या दिसत नाहीत. मग नॅनोमीटरचे चित्र कसे निघते? उत्तर असे की, येथे प्रकाशाने नमुना पाहावयाचा नसतोच. हिऱ्याच्या टोकाशी एकच केंद्र ठेवलेले असते. त्याचा प्रकाश कितीही पसरट ठिपक्यासारखा दिसला, तरी तो त्या एकाच केंद्रातून आलेला आहे याविषयी शंका नसते. हे टोक नमुन्यावरून काही नॅनोमीटरांच्या पावलांनी फिरवायचे आणि प्रत्येक ठिकाणी खाचांतील अंतर नोंदवायचे. अंध व्यक्तीने बोटाच्या टोकाने अक्षरे वाचावीत तसे हे वाचन असते. चित्राचा रेखीवपणा प्रकाशावर नव्हे, तर केंद्र आणि नमुना यांच्यातील अंतरावर अवलंबून राहतो.

हे अंतर किती निर्णायक आहे ते एका हिशेबावरून समजेल. लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. एका इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाचे क्षेत्र त्याच्यापासून दहा नॅनोमीटरवर जास्तीत जास्त सुमारे १.९ मायक्रोटेस्ला असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. पन्नास नॅनोमीटरवर ते सव्वाशे पटींनी घटून सुमारे १५ नॅनोटेस्ला होते व शंभर नॅनोमीटरवर दोन नॅनोटेस्लांहूनही कमी उरते. प्रोटॉनाचे चुंबकत्व तर इलेक्ट्रॉनाच्या सुमारे सहाशे अठ्ठावन्नाव्या भागाएवढेच. तेव्हा जवळ जाणे हाच या शास्त्राचा खरा मंत्र आहे. पण जवळ जाण्यालाही मर्यादा पडते. केंद्र हिऱ्याच्या पृष्ठाच्या फार लगत आणले की पृष्ठावरील इतस्ततः विखुरलेल्या विद्युत्‌भारांचा व परिवलनांचा गोंगाट त्याला ऐकू येऊ लागतो आणि त्याची अवस्था लवकर विस्कटते. पाच-दहा नॅनोमीटर खोलीवर संशोधक जी तडजोड करतात तिचे कारण हे आहे.

प्रत्यक्ष प्रगतीचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. १९९७ साली जर्मनीतील केम्निट्झ येथे ग्रूबर, व्राख्ट्रूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीच्या तापमानाला एकट्या केंद्राचा प्रकाश व त्याचे चुंबकीय अनुस्पंदन टिपले. एकटे केंद्र दिसू शकते हे सिद्ध झाल्यावाचून पुढचे काहीच शक्य नव्हते. २००८ मध्ये हार्वर्ड आणि श्टुटगार्ट येथील दोन गटांनी, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, या केंद्राने चुंबकीय क्षेत्र मोजून दाखविले. २०१२ मध्ये मालेटिन्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनी हिऱ्यातूनच कोरलेला, सुमारे दोनशे नॅनोमीटर जाडीचा एक स्तंभ तयार केला. त्याच्या टोकाशी केंद्र असते आणि स्तंभ प्रकाशाला नळीसारखी वाट करून देतो. पुढील वर्षी अशाच टोकाने दुसऱ्या हिऱ्यातील एका इलेक्ट्रॉनाचे, सुमारे पन्नास नॅनोमीटर अंतरावरून, चित्र काढण्यात आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील आय.बी.एम. प्रयोगशाळा आणि श्टुटगार्ट येथील गट यांनी काही नॅनोमीटर बाजूच्या घनाएवढ्या आकारमानातील प्रोटॉनांचा संकेत पकडला. रुग्णालयातील चुंबकीय अनुस्पंदन यंत्र शरीराची चित्रे साधारणतः मिलिमीटरच्या मापाने काढते. ही झेप केवढी आहे ते त्यावरून उमगावे. २०१७ मध्ये बिस्मथ फेराइट या पदार्थातील, सत्तर नॅनोमीटरला एक फेरा घेणारी, चुंबकीय लाट या पद्धतीने प्रथमच प्रत्यक्ष दिसली. अशा पदार्थात शेजारशेजारचे अणुचुंबक एकमेकांना जवळजवळ पूर्ण छेद देतात. बाहेर जे क्षेत्र उरते ते इतके अल्प असते की इतर साधनांना त्याचा सुगावा लागत नाही.

याच तत्त्वाचा दुसराही एक उपयोग आहे. टोक फिरवीत बसण्याऐवजी हिऱ्याच्या एका सपाट चकतीच्या पृष्ठालगत असंख्य केंद्रांचा थर निर्माण करायचा, नमुना त्यावर ठेवायचा आणि सगळ्या केंद्रांचा प्रकाश छायालेखकाने एकदम टिपायचा. यात नॅनोमीटरचा रेखीवपणा मिळत नाही. प्रकाशाची मर्यादा येथे पुन्हा लागू होते. या भेदाकडे दुर्लक्ष करून दोन्हींना सरसकट नॅनोमापाची चित्रे म्हणण्याची प्रथा पडू पाहत आहे, ती योग्य नव्हे. परंतु क्षेत्रफळ मोठे मिळते आणि काम झटपट होते. एकेका ठिकाणी एक सेकंद धरला, तर टोकाने शंभर बाय शंभर ठिपक्यांचे चित्र काढायला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. चकतीच्या पद्धतीने २०१३ साली जिवंत जंतूंच्या पोटातील चुंबकीय कणांच्या माळा पाहिल्या गेल्या. हे जंतू पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने पोहतात. त्यांचे वर्णन १९७५ साली ब्लेकमोर याने प्रसिद्ध केले होते.

सेमरकोना येथील दगड

२६ ऑक्टोबर १९४० रोजी, तेव्हाच्या मध्य प्रांतात व आजच्या मध्य प्रदेशात असलेल्या सेमरकोना येथे एक अशनी पडला. हाती लागलेले त्याचे वजन सातशे ग्रॅमांपेक्षा थोडे कमीच होते. बंगळूरला अण्णा मणी हिऱ्यांचा अभ्यास करू लागल्या, तेच हे वर्ष. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध जुळेल असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

सेमरकोनाचा अशनी शास्त्रज्ञांना मोलाचा वाटतो, कारण तो जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला आहे. बहुतेक अशनी त्यांच्या मूळ पिंडात असताना तापले, भिजले, बदलले. हा त्यातून पुष्कळसा बचावला. त्यात मिलिमीटरएवढे गोल दाणे आहेत. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवती वायू व धूळ यांची चकती फिरत होती त्या काळी, सूर्यमालेतील पहिले घन पदार्थ तयार झाल्यानंतर काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत, हे दाणे वितळले आणि अवकाशात तरंगत असतानाच थंड झाले. काही दाण्यांतील ऑलिव्हीन या खनिजात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण धुळीसारखे विखुरलेले आहेत. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसखाली थंड होताना भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राची छाप स्वतःवर उमटवून घेते. ती छाप पुढे अब्जावधी वर्षे टिकू शकते. म्हणजे हे कण ग्रहांच्या जन्मापूर्वीच्या अवकाशातील चुंबकसूच्याच होत.

त्या क्षेत्राचे मूल्य कळणे का महत्त्वाचे? त्या चकतीतील द्रव्य सूर्याकडे आत ओढले गेल्याशिवाय सूर्य वाढला नसता. पण फिरणारे द्रव्य आत यावयाचे तर त्याने आपला कोनीय संवेग कोठेतरी बाहेर टाकला पाहिजे. हे काम चुंबकीय क्षेत्र करीत असावे, असे सिद्धांत सांगत होता. प्रत्यक्ष मोजमाप मात्र कोणाजवळ नव्हते. आणि साडेचार अब्ज वर्षांपूर्वी विझून गेलेले क्षेत्र मोजायचे तरी कसे?

मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांच्या गटाने सेमरकोनाचे दाणे वेगळे काढून त्यांतील चुंबकत्व मोजले व २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. येथे श्रेयाची वाटणी नेमकी करावयास हवी. एकूण चुंबकत्वाचे मुख्य मोजमाप अतिसंवाहक साधनाने झाले. पण ते चुंबकत्व दाण्यातील नेमक्या कोणत्या भागातून येते, हे त्या साधनाला उलगडून सांगता येत नव्हते. दाण्याच्या कडेला नंतरच्या काळात बनलेली खनिजे असतात. छाप जर त्यांच्यातली असेल तर सारा हिशेब व्यर्थ ठरेल. म्हणून दाण्याचा काप हिऱ्याच्या चकतीवर ठेवून क्षेत्राचा नकाशा काढण्यात आला. क्षेत्राचे उगम धूलियुक्त ऑलिव्हीनच्या कणांतच आढळले.

आणखी एक शंका फेडणे भाग होते. मिळालेले मूल्य पृथ्वीच्या क्षेत्राच्याच तोडीचे होते. तर मग ती छाप १९४० नंतर पृथ्वीनेच उमटविली नसेल कशावरून? तसे असते, तर सर्व दाण्यांतील छापांची दिशा एकच असती. प्रत्यक्षात प्रत्येक दाण्याची दिशा निराळी निघाली. याचा अर्थ असा की, दाणे एकत्र येऊन दगड बनण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे तरंगत असताना, त्यांच्यावर छाप उमटली होती. हाती आलेले मूल्य ५४ मायक्रोटेस्ला असून त्यात २१ मायक्रोटेस्लांची अनिश्चितता आहे. त्यावरून ग्रह बनत होते त्या प्रदेशातील सर्वसाधारण क्षेत्र ५ ते ५४ मायक्रोटेस्लांच्या दरम्यान असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. द्रव्याला सूर्याकडे आणण्यास एवढे क्षेत्र पुरेसे आहे. शिवाय हे दाणे सूर्याच्या अगदी निकट वितळून नंतर बाहेर फेकले गेले, या मताला त्याने धक्का दिला. कारण तेथे क्षेत्र याहून पुष्कळ प्रबळ असते. वायूतील आघात-तरंगांनी किंवा लहान पिंडांच्या टकरींनी ते वितळले, हे मत त्यामुळे बळावले.

अशनींच्या अभ्यासकांना या संदर्भात एक खंत नेहमी वाटते. दगड अशनी आहे की नाही हे पाहण्यासाठी अनेक संग्राहक त्याला चुंबक लावून पाहतात. त्या एका स्पर्शाने अब्जावधी वर्षांची छाप पुसली जाते.

मर्यादा आणि सद्यःस्थिती

या पद्धतीने मिळते ते क्षेत्राचे चित्र. क्षेत्र निर्माण करणाऱ्या चुंबकत्वाचे नव्हे. क्षेत्रावरून चुंबकत्वाकडे उलट चालत जाताना एकाहून अधिक उत्तरे संभवतात, आणि नमुन्याविषयी अन्य माहिती जोडल्याविना त्यांतून निवड करता येत नाही. या क्षेत्रातील रंगीत चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. तसेच अक्षाला आडवे क्षेत्र फार प्रबळ असेल तर तिन्ही अवस्था एकमेकींत मिसळतात, तांबडा प्रकाश मंदावतो आणि सूची जणू आंधळी होते. प्रबळ चुंबकांसाठी हे साधन नव्हे.

भारतात या विषयाला आता संस्थात्मक आधार मिळाला आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. मिशनच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापन यांचे केंद्र पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आय.आय.टी. मुंबईत, आहे. तेथे कस्तुरी साहा यांच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन-रिक्ती केंद्रांवर काम चालते. अर्धवाहक चकत्यांमधील विद्युत्‌प्रवाहांचे चित्रण करणारा हिऱ्याचा सूक्ष्मदर्शक बनविण्याचा उपक्रम २०२४ मध्ये जाहीर झाला. आजच्या चकत्यांत तारांचे थर एकावर एक रचलेले असतात. आतला एखादा जोड तुटला तर तो उघडून पाहता येत नाही, कारण उघडताना चकतीच नष्ट होते. प्रवाह जेथून वाहतो तेथे त्याचे चुंबकीय क्षेत्र मात्र वरच्या थरांतून अडथळ्याविना बाहेर येते, आणि चकतीवर ठेवलेल्या हिऱ्यात त्याची नोंद तांबड्या प्रकाशाच्या कमी-अधिक तेजाने होते.